चौतीस नंबरची गाडी

तंबाखूच्या गावात वाढणाऱ्या गरिबाच्या पोरापुढे कोणत्या वाटा असतात, हे निपाणीच्या वाचकाला सांगायला नको. वखारीतले काम, मांडीवर विडीचे सूप, नाहीतर हमाली. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात डॅनव्हिल नावाचे असेच एक गाव आहे. डॅन नदीच्या काठचे, आणि तेही अगदी राज्याच्या सीमेवर. थोडे दक्षिणेला गेले की नॉर्थ कॅरोलायना सुरू होते. एकोणिसाव्या शतकात तंबाखूच्या लिलावाची एक पद्धतच या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. माल पिंपात बंद न करता सुटा ढीग मांडायचा, खरेदीदाराने पाने हातात घेऊन, वास घेऊन पाहायची आणि मग बोली बोलायची. पुढे नदीकाठी कापडगिरण्या आल्या. गावाला आणखी एक मान होता. १८६५ च्या एप्रिलमध्ये, गुलामगिरीच्या प्रश्नावर फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचा पराभव झाला, तेव्हा त्यांच्या पळत्या सरकारने शेवटचा आठवडा याच गावात काढला. हा मान गावातले गोरे पुढे शंभर वर्षे अभिमानाने मिरवत राहिले.

त्या गावात २९ ऑगस्ट १९२१ रोजी वेंडेल स्कॉट जन्मला. वर्णाने काळा. बाप विल्यम गावातल्या सधन गोऱ्या कुटुंबांच्या मोटारी चालवी आणि बिघडल्या तर दुरुस्तही करी. पोराला इंजिनाची ओळख झाली ती बापाजवळ उभे राहून पाने देता देता. सायकल हाती आल्यावर हा गोऱ्या पोरांशी शर्यती लावू लागला. शाळा अर्ध्यावर सुटली. गिरणीत किंवा तंबाखूच्या कारखान्यात जायचे नाही, डोक्यावर साहेब नको, एवढे त्याने लहानपणीच ठरवले होते. म्हणून तो टॅक्सी चालवू लागला. १९४३ साली मेरी कोल्सशी लग्न झाले. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धात तो युरोपात होता. त्या काळी अमेरिकेच्या सैन्यातही काळ्यांच्या पलटणी वेगळ्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या असत. परत आल्यावर त्याने गॅरेज काढले.

गॅरेजवर घर चालेना, म्हणून रात्रीचा एक जोडधंदा त्याने धरला. डोंगरातल्या हातभट्टीची दारू मोटारीत भरायची आणि पहाटेपूर्वी गावात गिऱ्हाइकाकडे पोचवायची. आपल्या जुन्या मंडळींना हे नवे वाटणार नाही. १९५० पासून मुंबई राज्यात दारूबंदी होती, बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता आणि घाटाखाली पोर्तुगीजांचा गोवा होता. त्या काळातल्या घाटातल्या रात्रींच्या गोष्टी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, त्यांना स्कॉटचा धंदा लगेच कळेल. फरक एवढाच, की अमेरिकेत या धंद्याने मोटारीचे तंत्रच पुढे नेले. गाडी बाहेरून साधी दिसली पाहिजे, पण इंजिन पोलिसांच्या गाडीपेक्षा तिखट पाहिजे. मागचे पाटे इतके कडक हवेत, की माल भरल्यावर बूड खाली बसून संशय येऊ नये. दिवे घालवून, मातीच्या वळणावर मागची चाके घसरू देऊन गाडी ताब्यात ठेवायची, हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नाही. १९४९ साली स्कॉट एकदा सापडला. तुरुंग टळला. तीन वर्षे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर न्यायालयाने सोडून दिले.

या दारूवाल्या पोरांतूनच तिथे एक खेळ उभा राहिला. शनिवार-रविवारी कुणाची गाडी जास्त पळते, याच्या पैजा गावाबाहेरच्या माळावर लागू लागल्या. मग मातीचे गोल ट्रॅक झाले, तिकिटे लागली आणि डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथे बिल फ्रान्स या माणसाने बैठक बोलावून संघटना बांधली, तीच नॅसकार. या खेळाला स्टॉक कार रेसिंग म्हणतात. आपल्याकडे मोटारशर्यत म्हटली की फॉर्म्युला वनची उघड्या चाकांची, होडीसारखी निमुळती गाडी डोळ्यांपुढे येते. २००५ साली कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन त्या शर्यतीत उतरला, तेव्हापासून ती घरोघरी माहीत झाली. स्टॉक कार म्हणजे दुकानात मिळते ती, चार माणसे बसतील अशी साधी मोटार. निदान सुरुवातीला तरी तसेच होते. फोर्ड, शेवरोले, प्लिमथ, ज्या गाडीने माणूस बाजाराला जातो तीच ट्रॅकवर पळायची. त्यामुळे हा खेळ मिस्त्र्यांचा, शेतकऱ्यांचा आणि गॅरेजवाल्यांचा झाला. युरोपातल्या सरदार-दरकदारांच्या शर्यतींशी त्याचे नाते नव्हते. आपल्या भागातल्या बैलगाडी शर्यतीशी ते अधिक जवळचे आहे. तिथेही शेतात राबणारा बैलच पळतो आणि मालक रात्र रात्र त्याच्यापाशी बसतो.

पण हा साध्या माणसांचा खेळ दक्षिणेतल्या गोऱ्यांचा होता. ट्रॅकवर ड्रायव्हर गोरे. काळ्यांना प्रेक्षकांत वेगळी बाजू.

१९५२ साली डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावरील शर्यतींना गर्दी कमी होऊ लागली. हे संयोजक नॅसकारचे नव्हते, डिक्सी सर्किट नावाच्या दुसऱ्या संघटनेचे होते. त्यांनी विचार केला, एखादा काळा ड्रायव्हर उतरवला तर गंमत बघायला लोक येतील. आता असा ड्रायव्हर शोधायचा कुठे? त्यांनी सरळ पोलीस ठाणे गाठले आणि विचारले, गावात बेफाम गाडी हाकणारा काळा माणूस कोण? पोलिसांनी क्षणाचाही विचार न करता वेंडेल स्कॉटचे नाव सांगितले. त्याच्या मागे धावून तेच थकले होते. पोलिसांनी दिलेले गुणवत्तेचे प्रमाणपत्र घेऊन खेळात आलेला दुसरा खेळाडू माझ्या तरी वाचनात नाही. २३ मे १९५२ रोजी स्कॉट पहिल्यांदा शर्यतीत उतरला. प्रेक्षकांतून शिव्या आल्या, काही टाळ्याही आल्या. त्याला मात्र त्याच रात्री कळले, की आपल्याला जन्मभर हेच करायचे आहे.

दुसऱ्याच दिवशी गाडी दोरखंडाने ओढत तो सीमा ओलांडून विन्स्टन-सेलमला नॅसकारच्या शर्यतीला गेला. अधिकाऱ्यांनी सांगितले, काळ्या माणसाला उतरता येणार नाही. गाडी चांगली आहे, एखाद्या गोऱ्या ड्रायव्हरला द्या. स्कॉटने गाडी दिली नाही. रिकामा परत आला, वाटभर डोळे पुसत. काही दिवसांनी हाय पॉइंट या गावीही तेच झाले. मग त्याने वाद घातला नाही. डिक्सी सर्किटच्या छोट्या ट्रॅकवर तो पळत राहिला आणि दोनच आठवड्यांत लिंचबर्गला एक छोटी शर्यत जिंकला.

नॅसकारचा परवाना त्याला मिळाला तो रिचमंडच्या ट्रॅकवर. तिथल्या एका अर्धवेळ अधिकाऱ्याने, वरिष्ठांना न विचारता, कागद भरून त्याच्या हाती दिला. वर ही गोष्ट कळल्यावर कुरकुर झाली म्हणतात, पण परवाना रद्द झाला नाही. १९५४ साली रॅले येथे संयोजकाने सगळ्या ड्रायव्हरांना पेट्रोलचे पैसे दिले आणि स्कॉटला वगळले. स्कॉट थेट बिल फ्रान्सपुढे जाऊन उभा राहिला. फ्रान्सने स्वतःच्या खिशातून पैसे काढून दिले आणि सांगितले, तू आता नॅसकारचा सदस्य आहेस, तुझ्याशी दुजाभाव होणार नाही. हे वचन पुढे किती पाळले गेले ते दिसेलच. पण फ्रान्सला केवळ खलनायक ठरवणे मला पटत नाही. त्याला गाडी पळायला हवी होती आणि गल्ला भरायला हवा होता. या दोहोंच्या आड जोवर काही येत नव्हते, तोवर तो भला होता.

१९५९ साली स्कॉट खालच्या गटात व्हर्जिनिया राज्याचा विजेता ठरला. ४ मार्च १९६१ रोजी साउथ कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग येथे तो सर्वांत वरच्या, ग्रँड नॅशनल गटात उतरला. वय चाळिशीला टेकलेले. ज्या वयात बाकीचे ड्रायव्हर निवृत्तीचा विचार करतात, त्या वयात याची खरी सुरुवात झाली.

इथून पुढची दहा-बारा वर्षे म्हणजे एका कुटुंबाचा प्रपंच आहे. पेटी, बेकर अशा नामवंतांच्या पाठीशी मोटार कंपन्या होत्या, नवी इंजिने होती, पगारी मिस्त्री होते. स्कॉटची गाडी दुसऱ्या कुणीतरी वापरून टाकलेली, टायर दुसऱ्यांनी काढून ठेवलेले, इंजिन भंगारातल्या भागांतून जुळवलेले. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुनी यंत्रे उघडून त्यांतून नवे काम उभे करणारे कारागीर ज्यांनी पाहिले असतील, त्यांना या माणसाच्या हातांची कल्पना येईल. गाडीचा नंबर ३४. मुलगे वेंडेल धाकटा आणि फ्रँक हेच त्याचे मदतनीस. कधी कधी तर शर्यत चालू असताना स्कॉट गाडी पिटमध्ये घेई, स्वतःच खाली उतरून पाना फिरवी आणि पुन्हा आत बसून निघे. मोटारशर्यतीत हे कुणी करत नाही. एकेक सेकंद तिथे मोजला जातो.

प्रवासाला निघताना मेरी शिदोरी बांधून देई. वाटेतल्या हॉटेलात काळ्यांना बसू देत नसत, झोपायला खोली देत नसत. गाडीतच खायचे, गाडीतच डोळा मिटायचा, आणि शर्यत संपली की रात्रीतून डॅनव्हिल गाठून सकाळी गॅरेज उघडायचे, कारण बक्षिसाचे पैसे टायरमध्येच जात. डार्लिंग्टनच्या मोठ्या ट्रॅकवर तर त्याला कित्येक वर्षे येऊच दिले नाही. काही गोरे ड्रायव्हर त्याला मुद्दाम धडका देत. काही मात्र गुपचूप सुटे भाग आणून देत. नेड जॅरेट या विजेत्या ड्रायव्हरकडून स्कॉटने एक जुनी शेवरोले विकत घेतली होती, आणि या गाडीचे नाव पुढे यायचे आहे.

१९६३ चा उन्हाळा डॅनव्हिलला रक्ताने माखून गेला. हॉटेले, वाचनालये, नोकऱ्या सर्वांना खुल्या कराव्यात म्हणून गावातील काळ्यांनी मोर्चे काढले. १० जूनच्या रात्री तुरुंगासमोर प्रार्थना करणाऱ्या मोर्चावर पाण्याचे जोरदार फवारे सोडले गेले आणि पोलिसांनी, त्यांच्या जोडीला हाती दंडुके दिलेल्या नगरपालिकेच्या सफाई कामगारांनी, माणसे झोडपून काढली. बहुतेक सगळे मोर्चेकरी जखमी झाले. स्त्रियाही सुटल्या नाहीत. ज्या वर्षी स्कॉटच्या गावात हे घडले, त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या आयुष्यातला मोठा दिवस आला.

१ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल. अर्ध्या मैलाचा, म्हणजे सुमारे आठशे मीटरचा मातीचा ट्रॅक. दोनशे फेऱ्या, शंभर मैल. स्कॉट पंधराव्या जागेवरून निघाला. ट्रॅक खराब झालेला, खड्ड्यांनी भरलेला. नवी, तेज इंजिनवाली गाडी अशा ठिकाणी मार खाते. जुन्या गाडीचा दर पाटा, दर नट ज्याने स्वतः आवळला आहे, तो ड्रायव्हर कुठे दाबायचे आणि कुठे सोडायचे हे जाणतो. गाड्या एकामागून एक मोडत गेल्या. पंचवीस फेऱ्या उरल्या असताना स्कॉटने रिचर्ड पेटीला मागे टाकले. पेटी म्हणजे पुढे या खेळाचा सम्राट म्हणून गणला गेलेला माणूस. जॅरेटकडून घेतलेली ती जुनी शेवरोले सर्वांच्या पुढे पळत होती.

दोनशे फेऱ्या झाल्या. शर्यत संपल्याचे चौकडीचे निशाण हलले नाही. स्कॉटला वाटले, आपलीच मोजणी चुकली असेल. तो पळत राहिला. आणखी एक फेरी, मग आणखी एक. दोनशे दोन फेऱ्या झाल्या. मग निशाण हलले ते बक बेकरसाठी. बेकरला विजयी घोषित केले, त्याच्या हाती चषक दिला, प्रथेप्रमाणे सुंदरीने त्याच्या गालाचे चुंबन घेतले, छायाचित्रे निघाली, प्रेक्षक घरी गेले.

त्या काळी फेऱ्या यंत्राने मोजल्या जात नसत. प्रत्येक गाडीसाठी एक माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसे आणि आपली गाडी समोरून गेली, की घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवी. चूक होऊ शकते, होतही असे. म्हणून स्कॉटने हरकत घेतली. कागद तपासायला काही तास लागले. तपासणीत निघाले ते असे, की स्कॉट जिंकला होता, आणि तोही थोडक्याने नव्हे, तर पूर्ण दोन फेऱ्यांनी. अधिकाऱ्यांनी निकाल बदलला आणि विजेत्याचे एक हजार डॉलर त्याला दिले. पण हे झाले तेव्हा ट्रॅकवर अंधार होता, प्रेक्षकांच्या बाकांवर कुणी नव्हते, आणि चषक घेऊन बेकर केव्हाच निघून गेला होता. स्कॉटला पुढे एक लाकडी, किरकोळ किमतीचा चषक देऊन बोळवण केली.

ही चूक होती की चुकवले होते? स्कॉट मरेपर्यंत म्हणत असे, की एका काळ्या माणसाने भर दक्षिणेत गोऱ्या सुंदरीच्या शेजारी उभे राहावे, हे त्यांना नको होते. कागदावरून हेतू सिद्ध होत नाही. पण एखादी फेरी मोजायची राहणे वेगळे आणि सर्वांच्या पुढे असलेल्या गाडीच्या दोन फेऱ्या नजरेतून सुटणे वेगळे. माझे मत स्कॉटच्या बाजूने आहे. आपल्याकडच्या शर्यतीत निशाण धरणाऱ्या पंचाने असे केले असते, तर माळावर डोकी फुटली असती. स्कॉटच्या बाजूने तिथे डोके फोडून घ्यायला कुणी नव्हते. दोन पोरे होती आणि हिशेबाचे कागद होते. त्या कागदांमुळेच पैसे मिळाले, आणि त्या कागदांमुळेच आज तो विजय त्याच्या नावावर आहे. दप्तरातल्या एका नोंदीवर माणसाचे काय काय अवलंबून असते, हे १९५६ पासून कागद जपत आलेल्या आपल्या भागाला कुणी शिकवायची गरज नाही.

या एका विजयाखेरीज ग्रँड नॅशनलमध्ये त्याला दुसरा विजय मिळाला नाही. पण आकडे पाहण्यासारखे आहेत. एकूण ४९५ शर्यती. त्यांत १४७ वेळा पहिल्या दहात, २० वेळा पहिल्या पाचात. १९६२ साली सव्हाना येथे पात्रता फेरीत पहिला. १९६६ च्या मोसमात गुणांच्या यादीत सहावा, आणि त्यापुढची तीन वर्षेही पहिल्या दहात. प्रायोजक नसलेल्या, घरच्या पोरांनी सांभाळलेल्या जुन्या गाडीवर हे केले, हे लक्षात घेतले तर मला हे आकडे जॅक्सनव्हिलच्या विजयापेक्षा मोठे वाटतात. एक दिवस कुणाचाही चांगला जातो. चारशे पंचाण्णव वेळा गाडी सुरुवातीच्या रेषेवर आणून उभी करायला घर पणाला लावावे लागते.

१९७३ साली त्याने कर्ज काढून, त्याच्या आयुष्यातली त्यातल्या त्यात नवी म्हणावी अशी एक मर्क्युरी गाडी घेतली. मे महिन्यात अलाबामातील टॅलाडेगा येथे शर्यत सुरू होऊन जेमतेम नऊ-दहा फेऱ्या झाल्या असतील, तोच पुढच्या एका गाडीचे इंजिन फुटले आणि धूर-तेलात सुमारे वीस गाड्या एकमेकींवर आदळल्या. स्कॉटची मर्क्युरी चिरडली. कंबरेचे हाड, बरगड्या, गुडघा मोडला. गाडीही गेली आणि कर्ज तसेच राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, अजून नीट बरा झालेला नसताना, तो शार्लटला दुसऱ्याच्या गाडीवर एक शर्यत पळाला आणि बारावा आला. वय बावन्न. त्यानंतर वरच्या गटात उतरला नाही. गॅरेज उघडेच होते, तो तिथे परत गेला.

१९७७ साली त्याच्या आयुष्यावर हॉलिवूडमध्ये ‘ग्रीझ्ड लाइटनिंग’ नावाचा चित्रपट निघाला. विनोदी नट रिचर्ड प्रायरने स्कॉटचे काम केले. पडद्यावर हास्यविनोद भरपूर आहे, आणि नायकाला शेवटी भरगच्च मैदानासमोर विजयही मिळतो. २३ डिसेंबर १९९० रोजी मणक्याच्या कर्करोगाने स्कॉट डॅनव्हिलला वारला. ज्या रस्त्यावर तो राहिला, त्याला नंतर त्याचे नाव दिले गेले. पोलिसांनी ज्याचा पाठलाग केला, त्याच्याच नावाची पाटी.

घरच्यांनी मात्र चषकाची मागणी सोडली नाही. २०१० साली जॅक्सनव्हिलच्या एका स्थानिक संस्थेने तशी प्रतिकृती करून कुटुंबाला दिली. ३० जानेवारी २०१५ रोजी नॅसकारने स्कॉटला आपल्या मानाच्या दालनात स्थान दिले, तिथे पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय. आणि २८ ऑगस्ट २०२१ रोजी, त्याच्या शंभराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, डेटोना येथे नॅसकारने स्वतःहून खास घडवलेला चषक कुटुंबाच्या हाती दिला. मधे सत्तावन्न वर्षे आणि नऊ महिने गेले होते. ज्या पोरांनी जॅक्सनव्हिलला टायर बदलले, ती एव्हाना स्वतःच म्हातारी झाली होती.

डॅनव्हिलच्या पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर मार्टिन्सव्हिल नावाचे गाव आहे आणि तिथे अर्ध्या मैलाचा जुना ट्रॅक आहे. मार्च २०१० मध्ये त्याच ट्रॅकवर आपला नारायण कार्तिकेयन नॅसकारच्या पिकअप ट्रकांच्या शर्यतीत उतरला आणि तेरावा आला. नॅसकारमध्ये पळालेला तो पहिला भारतीय. त्या वर्षी त्या गटातला लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून लोकांनी मते देऊन त्याची निवड केली. त्याला मैदानाबाहेर कुणी काढले नाही, वाटेत कुठे जेवण नाकारले नाही. २०१३ च्या ऑक्टोबरात तिथेच बब्बा वॉलेस या कृष्णवर्णीय तरुणाने ट्रकांची शर्यत जिंकली. स्कॉटनंतर नॅसकारच्या कोणत्याही राष्ट्रीय गटात जिंकणारा तो पहिलाच. पुढच्या वर्षी तो मार्टिन्सव्हिलला आला तेव्हा त्याने आपल्या गाडीवर मुद्दाम ३४ हा आकडा रंगवून घेतला होता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याने सर्वांत वरच्या गटातली शर्यत जिंकली ती टॅलाडेगाला, जिथे स्कॉटची मर्क्युरी मोडली होती. पावसामुळे शर्यत मधेच थांबली होती आणि वॉलेस त्या वेळी सर्वांच्या पुढे होता. या खेपेला फेऱ्या यंत्राने मोजल्या होत्या, निकाल लगेच जाहीर झाला आणि चषक त्याच दिवशी त्याच्या हाती आला.